स्नायुक्षय आणि शरीरातील ऊर्जेचे गणित

मैदानावर एखादा मुलगा नेहमीच मागे पडतो, जिना चढताना कठड्याचा आधार घेतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरीव दिसतात. मग ‘अंगात बळ आहे, पण मूल आळशी आहे’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा किती अन्यायाचा ठरू शकतो, हे ड्युशेन स्नायुक्षय या आजाराची ओळख करून घेतली म्हणजे उमगते.

हा आनुवंशिक आजार साधारणतः साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. ‘एक्स’ गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही. १९८७ साली ओळख पटलेले हे प्रथिन स्नायुतंतूचा आतील सांगाडा त्याच्या आवरणाशी बांधून ठेवते. ते नसले की स्नायू आकुंचन पावताना आवरणाला सूक्ष्म चिरा पडतात व त्यांतून कॅल्शियम आत शिरते.

ऊर्जेचे गणित बिघडते ते येथून. स्नायूला काम करण्याची शक्ती एटीपी या रेणूपासून मिळते आणि तो मुख्यतः पेशीतील तंतुकणिकांत तयार होतो. जादा कॅल्शियम बाहेर लोटण्यात एटीपी खर्ची पडते. शिवाय कॅल्शियमच्या भाराने तंतुकणिकांची उत्पादनक्षमताही खालावते. खर्च वाढतो आणि त्याच वेळी मिळकत घटते. त्यातच श्रमाच्या वेळी रक्तवाहिन्या रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे मिळत नाही, म्हणून रक्तपुरवठाही तोकडा पडतो. ऐनवेळी कामी येणारा क्रिएटिनचा साठा आधीच कमी झालेला असतो. मुलगा थकतो तो यामुळे. पुढे झिजलेल्या तंतूंची जागा चरबी घेते, आणि पोटऱ्यांच्या भरीवपणातही तिचा वाटा असतो.

निदानात एक चकवा आहे. फाटक्या आवरणातून एएसटी व एएलटी ही विकरे रक्तात उतरतात. यकृताच्या तपासणीत हीच मोजली जात असल्याने यकृताच्या विकाराचा संशय येतो आणि मोलाचा काळ वाया जातो. अशा वेळी रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासावे. या आजारात ते अनेक पटींनी वाढलेले असते.

‘व्यायामाने सुधारेल’ म्हणून अशा मुलाला पळवणे, वजने उचलायला लावणे घातक होय. जिना चढण्यापेक्षा उतरणे स्नायूंना अधिक इजा करते, कारण तेव्हा ताणला जात असतानाच स्नायूला जोर लावावा लागतो. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बेताचे पोहणे चालू शकते. आहाराचेही तसेच. चालणे थांबले की ऊर्जेची गरज घटते, तर उपचारातील स्टिरॉइडने भूक वाढते; तेव्हा ‘शक्ती यावी’ म्हणून मायेने भरवलेले तूप दुबळ्या पायांवर ओझेच वाढवते. उत्तरकाळात गिळणे अवघड झाले की उलट मूल वाळू लागते व अधिक पोषण द्यावे लागते.

हा आजार समूळ बरा करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. स्टिरॉइडने चालण्याचा काळ लांबवता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्नायुक्षयाचा समावेश आहे. त्यामुळे अशा विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर भरवावा, अशी मागणी पालकांनी निःसंकोचपणे करावी.