किल्ली फिरते, तरी गाडी का सुरू होत नाही?

गाडीची किल्ली हरवली की पावलं नाक्यावरच्या चावीवाल्याकडे वळतात. तो कानशीने घासून डुप्लिकेट करून देतो. दार उघडतं, इग्निशन फिरतं, इंजिन धडधडतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. ‘चावीवाल्याने फसवलं’ असं आपण म्हणतो, पण त्याने पातं अगदी बरोबर कापलेलं असतं. आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते, चिप आपला कोड सांगते आणि गाडीच्या कॉम्प्युटरने तो ओळखला तरच इंजिन चालू राहतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांत त्याचं नाव आयकॅट्स. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा झाला.

यावरून आणखी एक गैरसमज दूर होतो. रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी सुरू होत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. इग्निशनमध्ये घालायच्या किल्लीतल्या चिपला सेल लागतच नाही. सेल असतो तो लांबून दार उघडण्यापुरता. पुश-बटणाच्या गाड्यांत रिमोटच्या पोटात एक धातूची किल्ली दडवलेली असते, तिने दार उघडतं. मग अनेक गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबला की इंजिन सुरू होतं. तुमच्या गाडीत तो नेमका कुठे टेकवायचा, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

किल्ली फिरतच नसेल तर इग्निशन गेलं असं समजून खर्चाला तयार होऊ नका. चाकं वळवून किंवा फुटपाथला टेकवून गाडी उभी केली की स्टिअरिंग लॉकवर ताण येतो. स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवत किल्ली फिरवून पाहा. जोर मात्र करू नका. तुटलेलं पातं कुलपात अडकलं की खरं काम तिथे वाढतं. कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडण्याची सवयही वाईट. तेलाला धूळ चिकटते आणि आतल्या पत्र्या आणखी अडकतात. ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी.

सगळ्या किल्ल्या हरवल्या तर शोरूमशिवाय गत्यंतर नाही, हेही पूर्ण खरं नाही. जागेवर येणारा कुशल कारागीर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडून अनेक मॉडेल्सच्या नव्या किल्लीची नोंद करतो. काही महागड्या आणि अगदी नव्या गाड्यांना मात्र कंपनीकडेच जावं लागतं. म्हणून फोनवरच मॉडेल, साल, किल्लीचा प्रकार सांगा आणि येण्याजाण्यासकट एकूण रक्कम ठरवून घ्या. हरवलेल्या किल्लीचा कोड पुसायलाही सांगा. तिने इंजिन सुरू होणार नाही, पण तिचं पातं दार अजूनही उघडू शकतं, हे लक्षात ठेवा.

आरसी बुक आणि ओळखपत्र मागणाऱ्या कारागिरावर चिडू नये. जो काहीच विचारत नाही, तो उद्या तुमची गाडीही दुसऱ्या कुणासाठी उघडेल.

किल्ली आत राहिली म्हणून काचेच्या फटीतून पट्टी घालणं टाळावं, दारात वायरी असतात. मात्र आत लहान मूल अडकलं असेल तर कारागिराची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा आणि मुलापासून दूरची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा; पुढची काच थरांची असल्याने सहज फुटत नाही.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, त्यामुळे एखादी हरवल्यास पोलिसांत नोंद करून कंपनीलाही कळवा. आणि हातात चालू किल्ली असतानाच दुसरी करून घ्या. एकीवरून दुसरी करणं सोपं आणि स्वस्त पडतं. एकही नसताना तेच काम कितीतरी महागात जातं.