आराखडा ढिगापासून सुरू व्हावा

नगरपरिषदेचा घनकचऱ्याचा आराखडा बहुतेक वेळा गुणाकारानं तयार होतो. लोकसंख्या घ्यायची, माणशी रोजचा कचरा धरायचा आणि त्यावरून घंटागाड्या किती, खताची शेड केवढी, जागा किती हे काढायचं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेप्रमाणे लहान शहरांत माणशी दिवसाला साधारण 200 ते 300 ग्रॅम कचरा निघतो. म्हणजे 25 हजार वस्तीच्या गावाला पाच ते साडेसात टन. या दोन आकड्यांमध्ये अडीच टनांचं अंतर आहे, आणि त्या टनांत नेमकं काय भरलंय हे गुणाकार सांगू शकत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका क वर्ग नगरपरिषदेनं आराखडा लिहिण्याआधी कचरा उघडून मोजायचं ठरवलं. ते काम पाहायला मी कचरा डेपोवर गेले.

सकाळच्या फेरीच्या गाड्या एकेक करून वजनकाट्यावर येत होत्या. भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, दोन्हींची नोंद. गाड्याही मुद्दाम वेगवेगळ्या भागांतल्या निवडल्या होत्या: जुनी पेठ, नवी कॉलनी, भाजी मंडई, हॉटेलांचा रस्ता. प्रत्येक गाडीतला थोडा थोडा कचरा सिमेंटच्या कोब्यावर ओतून फावड्यांनी वरखाली केला. ढीग सपाट करून त्याचे चार भाग पाडले. समोरासमोरचे दोन भाग बाजूला लोटले, उरलेले दोन पुन्हा मिसळले, पुन्हा चार भाग. असं करत शेवटी शंभरेक किलोचा नमुना उरला. हातानं उचलायला गेलं की डोळा हलक्या, रंगीत वस्तूंकडेच जातो आणि खालचा ओला, जड भाग मोजणीतून निसटतो. तसं होऊ नये म्हणून ही पद्धत.

मग ताडपत्रीभोवती महिला कामगार बसल्या आणि त्यांचे हात चालू लागले. भाजीचे देठ, चहाचा चोथा, शिळी भाकरी एका घमेल्यात. करवंट्या वेगळ्या, कारण त्या बाकीच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजत नाहीत. दुधाच्या पिशव्या वेगळ्या. त्यांना गिऱ्हाईक आहे. वेफर-बिस्किटांचे चकचकीत पुडे वेगळे; त्यांत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. पुठ्ठा बराच होता, पण आमटीनं भिजलेला. कोरडा असता तर तो विकला गेला असता. आता त्याची किंमत उरली नव्हती. त्याच्याखालून एक फुटका बल्ब निघाला, मग वापरलेली सुई. सुई पाहताच त्या कामगारांतल्या एका मावशींनी सगळ्यांचे हात थांबवले आणि ती चिमट्यानं उचलून डब्यात टाकली. डायपर आणि सॅनिटरी पॅडही उघडेच येत होते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं असे पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम का चालवली, ते या ताडपत्रीजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं.

प्रत्येक घमेलं काट्यावर चढत होतं आणि अभियंता तक्त्यात आकडे भरत होते. तेवढ्यात त्याच मावशी त्यांना म्हणाल्या, “साहेब, काल बाजार होता. हा कचरा बाजाराचा आहे. परवा बघा, एवढा पाला नसतो.” त्या बरोबर होत्या. आठवडी बाजार, लग्नसराई, गणपती, पावसाळा यांप्रमाणे कचऱ्याची जात बदलते. पावसाळ्यात वजन वाढतं, पण त्यातलं बरंचसं निव्वळ पाण्याचं असतं. साहेबांनी तिथल्या तिथे मुकादमांना बोलावून घेतलं आणि बिनबाजाराच्या दिवशी व पावसाळ्यात पुन्हा मोजणी लावली. आराखड्यातली पहिली दुरुस्ती ही अशी ताडपत्रीवरून झाली.

मोजणीचा उपयोग पुढे पदोपदी होतो. ओला कचरा स्वच्छ असेल तर पालापाचोळा मिसळून त्याच्या रांगा लावता येतात. आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं, रोगजंतू मरतात आणि नीट उलथापालथ केली तर काही आठवड्यांत खत होतं. त्यातच काचेचे तुकडे आणि सेल गेले, तर चाळण्या कितीही लावा, असं खत शेतात घालायच्या लायकीचं राहत नाही. मिश्र कचऱ्यावर यंत्रांचा खर्च करण्यापेक्षा घराच्या उंबऱ्यावरच वर्गीकरण पक्कं करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तो चालतो, हे आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ला नगरपरिषदेनं घराघरातून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात, आणि जिथे दुर्गंधीमुळे कुणी फिरकत नसे ती डेपोची जागा लोक पाहायला येऊ लागले. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ आली आणि दारोदार कचरा गोळा करायचं काम महापालिकेनं वेचकांकडे सोपवलं. दोन्हीकडे यश आलं ते कचरा हाताळणाऱ्या माणसाला योजनेच्या मध्यभागी ठेवल्यामुळे.

तरीही वर्गीकरण ही अर्धीच गोष्ट. आराखड्यांत वाहतूक आणि प्रक्रियेला पानंच्या पानं मिळतात, कचरा कमी करण्याला एखादा परिच्छेद. खरं तर नगरपरिषदेच्या हाती बरंच आहे. दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वेगळी जबाबदारी टाकली. मंगल कार्यालयं आणि मोठी हॉटेलं यांच्याकडून तिची अंमलबजावणी करून घेता येते. 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे. बाजाराच्या दिवशी ती पाळली जाते का, हे तिथे उभं राहून पाहता येतं. मंगल कार्यालयांना स्टीलची ताटं भाड्यानं देणारा बचत गट उभा करता येतो. घरी गांडूळखत करणाऱ्याला पुणे महापालिका मिळकत करात सवलत देते. तसा ठराव लहान नगरपरिषदेलाही विचारात घेता येईल.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक नगरपरिषदेनं वर्षातून निदान तीन वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत, कचरा असा उघडून मोजावा. आकडे प्रभागवार फलकावर लावावेत, म्हणजे आपल्या गल्लीतून काय जातं हे लोकांना कळेल. सर्वसाधारण सभेत आराखडा मांडला जाईल, तेव्हा वर्गीकरण करणाऱ्या बायकांपैकी दोघींना तिथे बोलायला बोलवावं. आणि पुढच्या वर्षीचं यश किती टन कचरा उचलला यावर न मोजता, किती टन निर्माणच झाला नाही यावर मोजावं. हा एक निकष बदलला तर निविदा बदलतील, अंदाजपत्रक बदलेल आणि डेपोसाठी नवी जागा शोधत शेजारच्या गावाच्या दारात उभं राहायची वेळ येणार नाही.