न ताडतां येणारा अंक

सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनीं पिकांच्या अंदाजासाठीं शेतें यदृच्छेनें निवडण्याची पद्धति भारतांत रुजविली. निवडणाऱ्याचा कल त्यांत शिरूं नये, एवढाच तेथें हेतु. म्हणून छापील अंकांचा तक्ताही पुरतो.

परंतु सांगलीच्या बाजारांत हळदीचे पैसे मोबाइलवरून चुकते होतात, तेव्हां संगणकाची गुप्त किल्ली परक्यास ताडतांही येतां कामा नये. डेबियन प्रणालींत २००६ सालीं अनिश्चितता मिसळणारी आज्ञा चुकून गाळली गेली. तेथें घडलेल्या प्रत्येक जातीच्या किल्लीचे अवघे ३२,७६८ पर्याय उरले, व हें २००८ सालीं उघडकीस आलें.

संगणकाची कार्यप्रणाली यंत्रांतील घटनांच्या अनियमित वेळांतून अनिश्चितता सांठविते. विंडोज, लिनक्स व मॅक यांच्याकडे ती मागण्याच्या रीती भिन्न आहेत. रस्ट भाषेंतील ‘गेटरँडम’ ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, एकच विनंती घेऊन ज्या त्या प्रणालीच्या योग्य दारीं नेते. तेथें कांहीं न मिळाल्यास ती अंक रचून देत नाहीं. स्पष्ट नकार कळविते. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा गुण ध्यानीं धरावा: खोट्या होकाराहून खरा नकार बरा.