कंपायलरचा वेग की त्याला दिलेली मुभा?

एकच सी प्रोग्राम जीसीसीने आणि क्लँगने कंपाइल केला, तर वेगात फरक पडतो. पण तेवढ्यावरून एकाला वेगवान आणि दुसऱ्याला संथ ठरवणं घाईचं आहे. फ्लोटिंग पॉइंट संख्यांच्या मोठ्या अ‍ॅरेची बेरीज करणारा साधा लूप घ्या. आजच्या अनेक प्रोसेसरांच्या २५६ बिटी रजिस्टरात ३२ बिटांच्या आठ संख्या मावतात आणि एका सूचनेत आठ बेरजा होतात. तरीही ऑप्टिमायझेशनच्या नेहमीच्या पातळीवर हे दोन्ही कंपायलर एकेक संख्याच मिळवत जातात. आठ ओळींत बेरीज करायची तर क्रम बदलावा लागतो, आणि या गणितात क्रम बदलला की उत्तरही बदलू शकतं: ३२ बिटांत १० कोटींत १ मिळवून १० कोटी वजा केले तर हाती ० येतो, वजाबाकी आधी केली तर १. इंटेलचा जुना आयसीसी कंपायलर क्रम बदलण्याची मुभा कोणी न देताच घेत असे, म्हणून अशा लूपांत तो पुढे दिसे. जीसीसीला ‘फास्ट-मॅथ’ पर्याय दिला, की तोही एका वेळी अनेक संख्या उचलू शकतो. पूर्णांकांच्या बेरजेत ही अडचण नाही. तरी एका सूचनेत अनेक संख्या हाताळण्याचं जे काम क्लँग ऑप्टिमायझेशनच्या दुसऱ्या पातळीवरच (-O2) करायचा, ते जीसीसीने त्या पातळीवर २०२२ च्या बाराव्या आवृत्तीपासून, तेही मर्यादित प्रमाणात, सुरू केलं. त्याआधीच्या कित्येक तुलना खरं तर दोन मूळ सेटिंगांमधल्या होत्या.

मग पर्याय सारखे केले की फरक संपतो का? नाही. कोणतं फंक्शन जागेवरच उलगडायचं, कोणती किंमत रजिस्टरात ठेवायची, हे प्रत्येक कंपायलर आपल्या अंदाजाने ठरवतो. एका प्रोग्रामात हा जिंकतो, दुसऱ्यात तो. प्रमाणित चाचण्यांचे तक्ते पाहावेत, असं कोणी म्हणेल. ते उपयोगी आहेतच, पण २०२४ मध्ये स्पेक या संस्थेने इंटेलच्या कंपायलरने मिळवलेल्या २,६०० हून अधिक निकालांवर शेरा मारला, कारण त्या कंपायलरमधलं एक ऑप्टिमायझेशन चाचणीतल्या एका विशिष्ट प्रोग्रामसाठीच बेतलेलं होतं. म्हणून मोजणी आपल्याच प्रोग्रामवर, आपल्याच डेटावर करावी आणि वेगाबरोबर उत्तरंही ताडून पाहावीत. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर तर एका मोजणीवरून विश्वास ठेवूच नये: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, तरी वेग तेवढा हलू शकतो, हे २००९ च्या एका शोधनिबंधाने मोजून दाखवलं आहे.