उलाळ

गावी बैलगाडी भरताना आजोबा पोतं न पोतं सरकवून घ्यायचे. माल मागे गेला की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं. फार पुढे आला की तोच भार मानेवर बसायचा. हे मी लहानपणी पाहिलं होतं आणि ब्रिटनमध्ये गाडीमागे ओढायची घरवजा कॅरव्हॅन घेतली तेव्हा साफ विसरलो होतो. इथल्या मंडळींच्या गप्पांत प्रश्न एकच असे: तुझी गाडी किती ओढते?

हौसेसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन मानली जाते ती १८८५ची 'वाँडरर'. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या माजी डॉक्टरनं ती ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली. सुमारे दोन टनांचं धूड, ओढायला दोन घोडे आणि पुढे तीनचाकी सायकलवरून रस्ता बघत जाणारा नोकर! त्या चालीला मागचं घर डोलण्याचा प्रश्नच नव्हता. १९१९मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिसनं मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हॅन बांधायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्परच्या स्वस्त, हलक्या 'स्प्राइट'नं ही चैन मध्यमवर्गाच्या दारात आणली. तेव्हाची इंजिनं बेताचीच. चढ चढेल का, एवढीच धास्ती.

१९५९मध्ये एम१ मोटरवे खुला झाला, वेग वाढला आणि उताराची धास्ती सुरू झाली. ठरावीक वेगापुढे मागची कॅरव्हॅन हुकाच्या गोळ्याभोवती डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. झोके आपोआप विरण्याऐवजी वाढत जातात आणि शेवटी पुढच्या गाडीलाही फरफटत नेतात. यावर रूढ झालेला तोडगा म्हणजे ८५ टक्क्यांचा ठोकताळा: भरलेल्या कॅरव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवा. १६०० किलोच्या गाडीमागे १३६० किलो. हा कायदा नव्हे, सल्ला. कायदा वेगळं सांगतो: मोटरवेवर ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, तीन पदरी मोटरवेवर उजवा पदर बंद.

आमचा हिशेब ८४ टक्के होता. तरीही एम५वर क्लीव्हडनकडे उतरताना, बाजूनं लॉरी जाताच, आरशात कॅरव्हॅन एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून दिसू लागली. ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, हे ऐकून माहीत होतं म्हणून वाचलो. थांबल्यावर मागचं कपाट उघडलं. तांदूळ, पिठाचा डबा, कुकर, सगळा संसार तिथेच कोंबलेला. गाडी उलाळ!

बाथ विद्यापीठानं मापं बदलता येणारी कॅरव्हॅन घेऊन चाचण्या केल्या. २००९च्या सुमारास आलेले निष्कर्ष वाचले तेव्हा आजोबा आठवले. नुसतं एकूण वजन स्थैर्य फारसं बिघडवत नाही. निर्णायक ठरतं ते वजन कुठे ठेवलंय, हुकावर किती भार येतो आणि आस कुठे आहे. दोन्ही टोकांना जड सामान असेल तर झोका सहज सुरू होतो आणि अवघड थांबतो. जड वस्तू आसावर, तळाला; आणि नाकावरचा, म्हणजे हुकावर येणारा, भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, गाडी आणि हूक झेपवतील त्या मर्यादेत.

परवान्याचे नियम मात्र आपल्याच तालात बदलत राहिले. १ जानेवारी १९९७पासून परीक्षा देणाऱ्यांना गाडी-ट्रेलरच्या जड जोडीसाठी वेगळी चाचणी द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ला ती रद्द झाली. कारण लॉरीचालकांचा तुटवडा. परीक्षक तिकडे हवे होते. आता साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मला हे पटलेलं नाही.

विजेच्या गाड्यांनी तर ठोकताळ्याचीच थट्टा केली. बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून ८५ टक्क्यांचं गणित कागदावर सहज सुटतं. पण दीड टनाच्या निसान लीफला ओढण्याची मान्यताच नव्हती. ओढण्याची मर्यादा निर्माता ठरवतो, वजन नाही. मान्यता असलेल्या गाडीचीही एका चार्जमधली मजल कॅरव्हॅनमागे जवळपास निम्मी होते.

आम्ही अजून डिझेलवरच आहोत. निघायच्या आदल्या दिवशी न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात येतो, त्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर कॅरव्हॅनचं नाक. परवा काटा ६८ दाखवत होता. तंबूचं गाठोडं मागून पुढे सरकवलं. ७९.