लपलेली बटणे



दिवाळीत डोंबिवलीच्या मामांनी आजीसाठी गाण्याचा एक नवा डबा आणला. दिसायला अगदी सुबक! चारी बाजूंनी गुळगुळीत लाकूड, पुढे राखाडी कापड, आणि बटण एकही नाही. मामा म्हणाले, "आई, नुसतं बोट लावायचं की अभंग सुरू. नाहीतर हा रिमोट आहेच."

चार दिवस घरात मजा झाली. मग डबा गप्पच झाला. दुपारी आम्ही शाळेत, आई-बाबा कामावर, आणि आजी घरी एकटी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती डब्यावरून हात फिरवायची, पण बोटाला काही लागायचेच नाही. शेवटी म्हणाली, "नको गं बाई मला तो डबा. मला अडाणी बाईला नाही जमत." मला फार वाईट वाटले. म्हणून ही बटणे लपवतात तरी कशी, हे समजून घ्यायचे मी ठरवले. कल्याण स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. बाबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले.

काकांनी आधी एक जुना मर्फी रेडिओ दाखवला. मित्रांनो, ठाण्याला पूर्वी मर्फी रेडिओचा कारखाना होता, ठाऊक आहे का? जाहिरातीतले तोंडाशी बोट नेलेले गोंडस बाळ घरातल्या मोठ्या माणसांना नक्की आठवेल. त्या रेडिओला पुढे गोल खुंट्या होत्या. काका म्हणाले, "डोळे मीट आणि लाव." मी डोळे मिटले. एक खुंटी फिरवली, 'टक्' झाले, रेडिओ चालू! आणखी फिरवली, आवाज वाढला. दुसरीने स्टेशन बदलले. सगळे बोटांना आपोआप कळत होते.

आता नव्या डब्याची युक्ती पाहू. लाकडाच्या पातळ थराखाली तांब्याची छोटी पट्टी बसवलेली असते. तिच्यात अगदी थोडी वीज साठते. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्याने शरीर वीजवाहक आहे. बोट जवळ आले की पट्टीची वीज साठवण्याची क्षमता किंचित वाढते. माठाला आणखी एक वाटी जोडली तर थोडे पाणी जास्त मावेल ना, तसेच. या क्षमतेला 'धारिता' म्हणतात. आतली चिप ती सारखी मोजत बसलेली असते. धारिता वाढली की ती समजते, बोट आले! लाकूड, काच, प्लास्टिक यांचा पातळ थर मध्ये असला तरी चालते. इंग्लंडमधले ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या अशा पडद्याची माहिती 1965 साली छापली होती. आजच्या मोबाईलचा पडदाही याच तत्त्वावर चालतो.

प्रयोग करून पाहा. मोबाईलच्या पडद्यावर कोरड्या लाकडी काडीने टिचकी मारा. काही होणार नाही. आता काकडीचा तुकडा हातात धरून टेकवा. पडदा हलेल! काकडीतही पाणी आणि क्षार असतात. (नंतर मोबाईल पुसून ठेवा, नाहीतर ओरडा बसेल.) ओल्या फडक्याने पुसताना आमचा डबा आपोआप का सुरू व्हायचा, तेही आता कळले.

आता रिमोट. त्याच्या टोकाला छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, कारण ते अवरक्त किरण असतात. पण मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबले, तर बऱ्याच मोबाईलांत तो दिवा फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. साधारणपणे तो सेकंदाला 38,000 वेळा लुकलुकतो. असे का? उन्हातही अवरक्त किरण असतात. त्या गर्दीत डब्याचा 'डोळा' फक्त हाच ताल ओळखतो. जत्रेच्या गोंगाटातही आईची हाक आपल्याला ओळखू येते, तसेच आहे हे. प्रत्येक बटणाची लुकलुकण्याची खूण वेगळी. अमेरिकेत 1956 साली रॉबर्ट ॲडलर यांच्या रिमोटला तर सेलही लागत नव्हते. बटण दाबले की आत छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीला समजायचा.

आमच्या डब्याचा 'डोळा' पुढच्या पातळ कापडामागे लपवला होता. आईने धूळ बसू नये म्हणून वर भरतकामाचा जाड रुमाल टाकला, तो पुढेही ओघळला. किरण अडले! आजी रिमोट दाबून दाबून थकली आणि तिला वाटले, आपलेच चुकते आहे. खरे म्हणजे तिचे काहीच चुकले नव्हते. डबा तयार करणाऱ्याने डोळ्यांचा विचार केला, बोटांचा केलाच नाही.

मग आम्ही रुमाल काढला. आईच्या खड्याच्या टिकल्या घेतल्या. चालू-बंद करण्याच्या जागेच्या कडेला दोन टिकल्या लावल्या, आवाज वाढवण्याच्या जागेच्या कडेला एक. जागेच्या वर नाही लावल्या, कारण मध्ये जाडी वाढली तर बोट नीट कळत नाही. रिमोटच्या मोठ्या बटणालाही एक टिकली लावली. बटणांच्या मोबाईलवर 5 या अंकाला बारीक उंचवटा असतो, तो कशासाठी, हे मला तेव्हा समजले. न पाहता बोटाला जागा सापडावी म्हणून!

शेजारी मी माझ्या डब्याचे चित्र लावले आहे. त्यात चार गोष्टी आहेत:

1. प्रत्येक लपलेल्या जागेला बोटाला लागेल अशी खाच किंवा उंचवटा.
2. बोट लागले की 'टक्' असा आवाज.
3. आवाज कमी-जास्त करायला एक खरी खुंटी. रिमोट हरवला, सेल संपले, तरी अडू नये.
4. रिमोटचा 'डोळा' रुमालाने झाकणार नाही अशा जागी.

तुम्ही पाचवी गोष्ट सुचवा आणि चित्राखाली लिहा. फक्त आतले पाहायला कोणी डबा एकट्याने उघडू नका. आधी प्लग काढा आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा.

काल शाळेतून घरी गेले, तर अंगणातच अभंग ऐकू आला. आजी तांदूळ निवडत बसली होती. मला म्हणाली, "अगं, दोन टिकल्या म्हणजे चालू, नाही का?"

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी