कमरेएवढ्या पाण्यात

नेमावरच्या घाटावर वयस्कर माणसं पायऱ्या कशी उतरतात, ते एकदा निवांत बसून बघावं. एक हात गुडघ्यावर, एक सोबतच्या माणसाच्या खांद्यावर, दर दोन पायऱ्यांना थांबणं. पाणी कमरेला लागलं की तीच माणसं खांद्यावरचा हात काढून घेतात आणि सरळ उभी राहतात. ही नर्मदामाईची कृपा आहेच, आणि पाण्याचा गुणही आहे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचं जवळपास निम्मं वजन पाणी पेलतं. छातीपर्यंत गेलं तर पायांवर फार तर तिसरा हिस्सा उरतो.

नेमावर देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर. पलीकडे हंडिया. सिद्धनाथाच्या देवळाखालच्या या पात्राला नर्मदेची नाभी मानतात. अमरकंटकहून निघून भडोचजवळ समुद्राला मिळणारी १,३१२ किलोमीटरची नदी इथे निम्म्यावर येते, अशी श्रद्धा. धार-देवासकडच्या कित्येक मराठी घरांचे पूर्वज अठराव्या शतकात पवार-होळकरांच्या फौजांबरोबर या मुलखात आले आणि इथलेच झाले. अशा शिपाईगड्यांच्या मुलखात नदीकाठी बसलं की लढाईवरून परतलेल्या माणसाचा विचार मनात येतोच. आणि लढाई, पाणी आणि आनंद या तिन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात एकत्र आल्या, तो जवान आहे कृष्णाकाठच्या मुलखातला.

मुरलीकांत पेटकर. जन्म १ नोव्हेंबर १९४४, सांगली जिल्ह्यातलं पेठ-इस्लामपूर. हा सगळा पट्टा तालमीच्या मातीचा. पोरवयातच ते लष्कराच्या बॉइज बटालियनमध्ये गेले, पुढे ईएमई या लष्कराच्या तांत्रिक दलात जवान झाले आणि तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव काढलं. १९६५च्या भारत-पाक युद्धात त्यांच्या तळावर हवाई हल्ला झाला. धोक्याची शिट्टी वाजली तेव्हा ती चहाची आहे असंच बऱ्याच जणांना वाटलं, असं पेटकरांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. त्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचं शरीर गेलं. वय वीस.

मणक्याला मार लागलेल्या जवानाचं याआधी काय होत असे, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक जवान काही महिन्यांतच दगावत. ते मूळ जखमेने जात नसत. पडून पडून झालेल्या जखमा चिघळून आणि लघवीच्या मार्गातल्या संसर्गाने जात. डॉक्टरांनीच आशा सोडलेली असे. असा जवान जगत नाही, ही समजूत मोडली लुडविग गुटमन या डॉक्टरांनी. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेला हा माणूस १९४४मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात मणक्याच्या जखमींचा विभाग चालवू लागला. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, मग रात्र असो की दिवस. आणि त्याच्या हाताला खेळ द्यायचा. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यात दोन स्त्रिया होत्या. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते.

गुटमन खेळाला करमणूक मानत नसत. खेळ हा त्यांच्या लेखी उपचारच होता. मला ही फार मोठी जाण वाटते. खचलेल्या माणसाला आपण ‘धीर धर, हिंमत सोडू नको’ म्हणतो. तो ऐकून घेतो, पण त्याने पलंगावरचा दिवस सरत नाही. त्याच्या हाताला काम लागतं, आणि कालच्यापेक्षा आज ते थोडं जास्त जमलं हे त्याला दिसावं लागतं.

पेटकरांना मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात पोहण्याचा सल्ला मिळाला, तो उपचार म्हणूनच. पाय हलत नसताना पोहणं म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांपुढे आणून बघा. पोहणारा एरवी पायांनी पाणी मारतो, त्यामुळे कंबर वर राहते आणि अंग आडवं, सरळ तरंगतं. इथे पाय नुसतेच मागे ओढले जातात. दर हाताला धड वळतं आणि त्याला सावरणारं खाली काही नाही. पुढे जायचं आणि तोल राखायचा, ही दोन्ही कामं खांद्यांची आणि दंडांची. पण जमिनीवर जे शरीर दुसऱ्याने उचलून ठेवावं लागतं, तेच इथे आपलं आपण सरकतं. पहिल्यांदा पाण्यात हात मारला आणि काठ मागे गेला, तेव्हा त्या तरुणाच्या छातीत काय झालं असेल! मुष्टियोद्ध्याचे खांदे तर शाबूतच होते.

१९६८च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७०मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक मिळालं. आणि १९७२. ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण पॅरालिंपिक तिथून हलवून ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला भरवलं होतं. तिथे पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केलं. सुवर्णपदक, शिवाय जागतिक विक्रम. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून भारतीयाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण ते. नेमबाज अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाला तेव्हा छत्तीस वर्षं अवकाश होता.

इथे एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून थांबायचा मोह होतो, आणि मला तो टाळायचा आहे. त्या जिद्दीला रुग्णालयाची सोय होती, पोहायला सांगणारं माणूस होतं. परदेशी जायच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था धावून आली. पुण्यात टेल्को कंपनीची नोकरी मिळाली, म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार आला. आशावाद म्हणतात तो अशा गोष्टींवर उभा राहतो. यातली एक जरी निखळली असती, तर तोच मुलगा, तेच खांदे, आणि गावातल्या ओसरीवर एक खाट.

मानसशास्त्रात रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी अभ्यासकांनी १९९०च्या दशकात एक कल्पना मांडली: मोठ्या आघातानंतर काही माणसं जगण्याकडे, नात्यांकडे अधिक आस्थेने बघू लागतात, स्वतःतलं बळ त्यांना नव्याने कळतं. त्यातला महत्त्वाचा भाग आपण विसरतो. हे बळ येतं म्हणून दुःख जात नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात. हसतमुख परतलेल्या जवानाला रात्री दचकून जाग येऊ शकते, आणि रात्री दचकणारा जवान सकाळी नातवाला खांद्यावर घेऊन मनापासून आनंदात असू शकतो. घरच्यांनी त्याला सतत शूर असायला लावू नये आणि सतत बिचारा असायलाही.

सरकारला पेटकरांची आठवण उशिरा आली. पद्मश्री मिळाली ती २०१८मध्ये, पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. २०२४मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि नव्या पिढीला नाव कळलं. युद्धात गेलेल्याच्या अंत्ययात्रेला सगळा गाव लोटतो, आणि लोटावाच. पण चाकाच्या खुर्चीवर परतलेल्याच्या दारात उतार करून द्यायला किती जण जातात?

पुण्याला खडकीत अशा जवानांची सोय फार पूर्वीपासून आहे. अपंग जवानांना हातात धंदा देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ची, आणि मणक्याला मार लागलेल्या जवानांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासूनचं. मानेखालचं शरीर गेलेले जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढायला इथे शिकले. इथले जवान चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉलही खेळतात.

खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची एक सवय पाहुण्याच्या चटकन लक्षात येत नाही. बोलता बोलता तो दोन्ही हात चाकांवर किंवा हातांच्या टेकूवर रोवतो, अंग वर उचलतो, क्षणभर अधांतरी राहतो आणि पुन्हा बसतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी. बुडाखालची कातडी दबून जखम होऊ नये म्हणून. गुटमनच्या वॉर्डात जे काम परिचारिका दर दोन तासांनी करत, ते आता त्याचे स्वतःचे हात करतात. गप्पा थांबत नाहीत, चहा निवत नाही. तो उचलतो, बसतो, आणि पुढचा किस्सा सुरू करतो.